गडाकडे हात करून घेतलेली आण

माझी श्रद्धा म्हणजे बरीचशी भीतीच होती, हे आज मी कबूल करते. लोक मला भाविक समजत. नागपुरात सदर भागातल्या कार्यालयात माझ्या टेबलाच्या काचेखाली रामाचा फोटो असे, आणि शनिवारी मी काही खात नाही हे खाली टपरीवर चहा करणाऱ्यालाही ठाऊक होतं. पण त्या उपासात प्रेम किती आणि धाक किती, ते माझं मला माहीत होतं. मी सतरा वर्षांची असताना आई आजारी पडली. ती बरी व्हावी म्हणून मी रामाला अकरा शनिवारचे उपास बोलले. सातव्या शनिवारी मैत्रिणीकडे गरम आलुबोंडे तळून राहिले होते, मी एक खाल्ला. पुढच्याच मंगळवारी आई गेली. तिची किडनी कधीचीच निकामी झाली होती, हे मोठेपणी मला कळलं. पण सतराव्या वर्षी मनात जे बसलं ते बसलंच. रामाला दिलेला शब्द मोडला की तो घरातलं माणूस नेतो, असं मी छत्तीस वर्षं मानत आले. कोणाला बोलून दाखवलं नाही. नुसती सांभाळून वागत राहिले.

आई गेली तेव्हा माझी बहीण शालू पाच वर्षांची होती. तिची वेणीफणी, शाळा, दुखणीखुपणी, सगळं माझ्याच हातून झालं. त्यात माझं लग्न राहून गेलं, त्याचं मला काही वाटत नाही. शालूचं लग्न रामटेकजवळच्या एका गावात झालं. नवरा प्रमोद राइस मिलमध्ये कामाला, घरचं थोडं शेत, धानाच्या बांध्या, एक गाय आणि दहा वर्षांची मीनू. शालूच्या आंगणातून गड स्वच्छ दिसतो, रामाच्या देवळाचा कळससुद्धा. त्या आंगणात तिच्या गावरान कोंबड्या फिरत. चौदा होत्या. प्रत्येकीला नाव होतं, आणि शालूने "या गं माझ्या बायांनो" अशी हाक मारली की त्या गोठ्यामागून धावत येत. मला त्यांच्या वासाचा त्रास व्हायचा. तिला त्याचं हसू यायचं.

थंडीचे दिवस होते. एका रविवारी सकाळच्या बसने मी तिच्याकडे गेले, तर आंगण गप्प. शालू गोठ्यामागे फावड्याने खड्डा खणत होती. शेजारी पोत्यावर चार कोंबड्या पडल्या होत्या. त्यांचे तुरे जांभळे-काळे झालेले, डोकी सुजलेली. पाचवी भिंतीला टेकून बसली होती. तिला मान धरवत नव्हती.

"किती मेल्या वं?" मी विचारलं.

"काल तीन. आज ह्या चार. मानमोडी असन, दुसरं काय? दरसाल येते." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "काल दोन जरा जित्या होत्या, त्या कापल्या. वाया काहून घालवाव्या?"

मानमोडी आमच्या भागातल्या लोकांना ठाऊक असलेला कोंबड्यांचा रोग. पण तिच्या आवाजावरून मला समजलं, तिचाही त्यावर विश्वास नव्हता. मी म्हटलं, "शालू, जनावरांच्या दवाखान्यात सांग. हे काहीतरी वेगळं दिसतं."

तिने फावडं टाकलं. "सांगू? अन् मंग ते लोक येतीन, नमुना नेतीन, अन् गावातल्या साऱ्या कोंबड्या मारून टाकतीन. टीव्हीत दाखवत नाहीत काय? वच्छलामावशीले काय सांगू मी? तिच्या घरी त्या सहा कोंबड्यांबिगर बोलाले तरी कोणी आहे काय? सारं गाव मले शिव्या दीन, ताई."

तिने माझा हात धरला. मातीने भरलेला तिचा हात गार होता. "तू कोणाले सांगू नको. प्रमोदले बी मी तेच सांगितलं. तुले माझी आण नाही, रामाची आण. हे पाह्य, गडाकडे हात कर."

मी तिला आईसारखं वाढवलं, तिच्या हट्टापुढे मी कधी टिकले नाही. गडाकडे हात करून मी आण घेतली. मग पदर खोचून पोत्यावरची एक कोंबडी उचलून खड्ड्यात टाकली. इतकी हलकी होती की माझ्या अंगावर काटा आला.

बुधवारी प्रमोदचा फोन आला, शालूला ताप आहे. गुरुवारी डोळे लाल, अंग मोडून आलं, खोकला. शुक्रवारी सकाळी ती वाक्य पुरं करू शकेना, मध्येच दम घेऊ लागली. रामटेकच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, इथे थांबू नका. दुपारपर्यंत तिला नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात भरती केलं. मी कार्यालयातून थेट तिथे पोचले. स्ट्रेचरवर तिचे ओठ निळसर दिसत होते. मला बघून तिने काही म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिने फक्त मान हलवली, नाही, नाही अशी. मला वाटलं, ती मला आणेची आठवण देते आहे.

शनिवारी तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. काचेतून एक्स-रे दाखवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही फुप्फुसं पांढरी झाली आहेत, निमोनिया आहे, पण इतक्या वेगाने का वाढतो आहे ते कळत नाही. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणी आजारी? कुठे बाहेरगावी गेल्या होत्या? घरी जनावरं आहेत का?"

प्रमोद जमिनीकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "एक गाय आहे."

हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. खोटं नव्हतं ते. पण त्याहून मोठं खोटं मी कधी बोललेले नाही. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या. दार मिटलं.

त्या रात्री आणि रविवारच्या सकाळी माझ्या मनाची काय अवस्था होती, ती लिहायला शब्द कमी पडतात. बोलले तर आण मोडते, आणि आण मोडली की राम माणूस नेतो, हे मला सतराव्या वर्षापासून पाठ होतं. नाही बोलले तर आत तिच्यावर इलाज करणाऱ्यांना अंधारात चाचपडावं लागतं, हेही मला दिसत होतं. मी काही अडाणी नाही. रोज वर्तमानपत्र वाचते. पक्ष्यांचा ताप, बर्ड फ्लू, माणसाला झाला तर काय होतं, ते मी वाचलं होतं. तरीही जीभ उचलत नव्हती. मी नाम घेत होते. एकामागून एक माळ ओढत होते, पण ते नाम रामापर्यंत जात नव्हतं, माझ्याच छातीवर आपटून परत येत होतं. मी रामाशी सौदे करत होते. माझे दिवस तिला दे. मला ने. पुन्हा गड चढेन तर अनवाणी चढेन. मध्येच वाटायचं, मीनूनेही कोंबड्यांची पिल्लं हातात घेतली होती. मग नामही सुटायचं.

रविवारी दुपारी प्रमोद मीनूला बघायला गावी गेला होता. मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्च्यांवर एकटीच होते. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले. पासष्टीच्या आसपासचे, गळ्यात पांढरा मफलर, पायात साध्या चपला. बराच वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

"बाई, पाणी घ्या. तुमचे ओठ सुकले आहेत."

मी घेतलं. त्यांनी विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"बहीण. निमोनिया म्हणतात."

"गाव कोणतं?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा जरा उजळला. "त्या भागात मी पंधरा वर्षं होतो. जनावरांच्या दवाखान्यात परिचर. तुमच्या गावाले तर किती वेळा आलो असन. घरोघरी कोंबड्या. तुमच्या बहिणीकडं आहेत काय?"

"होत्या," मी म्हटलं.

तोंडातून तेवढा एकच शब्द निसटला. "आहेत" म्हणायचं ठरवूनच मी तोंड उघडलं होतं. "होत्या" कसं बाहेर आलं, ते मला आजही सांगता येत नाही.

ते माझ्याकडे वळले. "होत्या म्हणजे? मेल्या काय?" त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुरे काळे पडले होते काय?"

मग मात्र माझा बांध फुटला. पदर तोंडात धरून मी रडत राहिले आणि रडता रडता म्हणाले, "मला सांगता येत नाही. मी आण घेतली आहे."

"कोणाची?"

"रामाची."

आतून यंत्राचा टुक-टुक आवाज येत होता. मग ते म्हणाले, "मी तुमच्या देवाधर्मातला नाही, बाई. आमच्या घरी बुद्धवंदना होते. माझ्या बापानं इथंच नागपुरात दीक्षा घेतली. तवा तुमच्या रामाचं मी तुमाले काय सांगावं? पण रामटेकले नोकरी केली, कानावर पडलेलं आहे. लक्ष्मण निपचित पडला, तवा रामानं वैद्य बोलावला म्हणतात. तो बी शत्रूच्या गावचा वैद्य. आता मले सांगा, त्या वैद्यानं इचारलं असन का बाबा, काय लागलं, कसं लागलं, तर रामानं लपवलं असन काय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणापासून मी गड चढते आहे. रामाच्या आधी लक्ष्मणाच्या देवळात हात जोडते आहे. भाऊ धुळीत पडलेला, आणि देव म्हणवणारा मोठा भाऊ परक्या वैद्यापुढे हात जोडून उभा, हे मी किती कीर्तनांत ऐकलं असेल. पण ती गोष्ट कधी माझी म्हणून ऐकलीच नव्हती. माझ्या मनातला राम नेहमी छडी घेऊन उभा असायचा. भावासाठी घाबरलेला राम मी कधी पाहिलाच नव्हता.

"उठा," ते म्हणाले. "मी येतो दारापर्यंत."

त्यांनी माझी पिशवी घेतली. दारावरच्या माणसाला त्यांनीच सांगितलं, "यांना मोठ्या डॉक्टरीणबाईशी बोलायचं आहे, आत्ता, अन् गोष्ट कोंबड्यांची आहे म्हणून सांगा." डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

मी सगळं सांगितलं. खड्डा, काळे तुरे, तिने आजारी कोंबड्या कापल्या, पिसं उपटली, मी एक उचलून टाकली, मीनू पिल्लांशी खेळत होती. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम बदलला इतकंच. आधी त्यांनी मला एक मास्क दिला आणि स्वतःचा घट्ट केला. मग भराभर विचारलं, कोणत्या दिवशी, किती दिवस झाले, आणखी कोणी हात लावला. शेवटी म्हणाल्या, "हा विषाणू पक्ष्यांचा असतो. माणसाला क्वचित होतो. पण झाला तर असाच फुप्फुसांवर येतो, कारण आपल्या शरीराची त्याच्याशी कधी ओळखच झालेली नसते. नमुना आजच पाठवते, पण रिपोर्टची वाट बघणार नाही. औषध आत्ता सुरू करते. उशीर झालाय."

"फार उशीर झालाय का?" मी विचारलं.

"माहीत नाही," म्हणाल्या. "पण आता निदान काय शोधायचं ते माहीत आहे."

मी मागे वळले तेव्हा ते गृहस्थ नव्हते. माझी पिशवी खुर्चीवर नीट ठेवलेली होती.

त्यानंतरचे दिवस पहिल्यापेक्षा भयंकर होते. आण मोडल्यावर लगेच सुटका वाटली असेल असं कोणाला वाटेल, पण तसं झालं नाही. आण मोडली गेली, आता राम काय करतो याची मी वाट बघत होते. शालूला वेगळ्या खोलीत हलवलं. तिथे जाणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असे. त्या कपड्यांतली माणसं तिच्याभोवती फिरताना दुरून बघितली की ती आधीच आपल्या जगातून गेली आहे असं वाटायचं. मला, प्रमोदला आणि मीनूला रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि दहा दिवस घरी वेगळं राहायला सांगितलं. म्हणजे तिच्या दाराबाहेर बसण्याचंही सुख गेलं. महाल भागातल्या माझ्या दोन खोल्यांत मी एकटी, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, आणि फोन. फोन वाजला की घेववत नसे. वाजला नाही की मी तो उचलून बघायचे, चालू आहे ना म्हणून.

तिसऱ्या दिवशी माझा घसा खवखवला. मी आरशासमोर उभी राहून डोळे ताणून बघितले, लाल झाले आहेत का म्हणून. थर्मामीटर चार वेळा लावला. मरणाची मला इतकी भीती वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिच्यासाठी आपले दिवस देऊ करणारी मीच ना? आणि घसा नुसता खवखवला तर देवघरासमोर बसून मी म्हणत होते, मला नको नेऊस. स्वतःची लाज वाटली. आरोग्य खात्याच्या बाई येऊन घशातला नमुना घेऊन गेल्या. दोन दिवसांनी कळलं, काही नाही, साधा घसा.

पण त्या दोन दिवसांत एक झालं. सौदा करायला माझ्याजवळ काही उरलंच नाही. उपास बोलायला जीभ धजेना, कारण माझ्या शब्दाची किंमत मला कळून चुकली होती. दिवस देऊ करायला तोंड राहिलं नाही. माळ हातात होती, पण मी ओढत नव्हते. मी फक्त म्हटलं, रामा, मला भीती वाटते. बस. इतकं खरं मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. उत्तर काही आलं नाही. पण कोणी शेजारी येऊन बसावं तसं वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी मला अर्धा तास झोप लागली.

शालूचा रिपोर्ट आला. पक्ष्यांचाच ताप होता. गावात माणसं पोचली. प्रमोदने फोनवर सांगितलं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं घरोघर फिरून राहिली, सगळ्यांच्या कोंबड्या पोत्यात भरून नेल्या, गावाबाहेर खोल खड्डा केला, वर चुना टाकला. घरोघर विचारपूस झाली, दोघांना ताप होता, तो साधाच निघाला. वच्छलामावशीने आपल्या कोंबड्या पलंगाखाली लपवल्या होत्या. त्या काढून नेल्या तेव्हा ती उंबऱ्यात बसून शालूचं नाव घेऊन बोंबलत होती. प्रमोदने फोन तसाच धरला होता, मला तो आवाज ऐकू आला. "जित्या होत्या वं माझ्या! चांगल्या जित्या होत्या!" मी फोन ठेवला नाही. तेवढं तरी ऐकायलाच हवं असं मला वाटलं. आमच्या घरातला रोग आम्ही आठवडाभर झाकून ठेवला, म्हणून तो किती आंगणांत पोचला असेल, कोण जाणे.

शालू व्हेंटिलेटरवर एकंदर सोळा दिवस होती. मध्ये एकदा तिची किडनी बंद पडायला लागली, एकदा रक्तदाब इतका खाली गेला की डॉक्टरीणबाईंनी प्रमोदला जवळच्या माणसांना बोलावून घ्या असं सांगितलं. तोवर माझे दहा दिवस संपले होते. मी काचेबाहेर उभी राहिले. ती ओळखू येत नव्हती. सुजलेली, नळ्यांनी भरलेली. मी काही मागितलं नाही. मला जे करायचं होतं ते मी केलं होतं, उशिरा का होईना. आता ती त्या झाकलेल्या माणसांच्या हातांत होती आणि ते हात रामाच्या हातांत. मी हात जोडले आणि उभी राहिले. हरलेल्या माणसाचे असतात तसे ते हात होते. पण पहिल्यांदाच ते मोकळे होते.

सतराव्या दिवशी तिची नळी काढली. दुसऱ्या दिवशी मला आत जाऊ दिलं. आवाज म्हणजे नुसती वाऱ्याची खरखर. तिने पहिल्यांदा विचारलं, "मीनू?" मी म्हटलं, बरी आहे. मग बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांगितलं?"

"हो."

तिने डोळे मिटले. मला वाटलं रागावली. मग डोळ्यांच्या कडेतून पाणी आलं. "बरं झालं," म्हणाली. "मीच सांगून राहिली होती, भरती केलं तवा. मान हलवली, तुले समजलं नाही. लपवू नको, लपवू नको, म्हणून राहिली होती."

मी तिच्या पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभी राहिले. ती नाही, नाही अशी मान. मी भीतीने तिचा उलटाच अर्थ लावला होता, आणि त्या अर्थावर दोन दिवस तिचा जीव टांगून ठेवला होता.

घरी यायला तिला महिना लागला. चालताना आजही दम लागतो. गावी परतल्यावर ती पहिल्यांदा वच्छलामावशीकडे गेली, मी सोबत होते. म्हातारी दारात बसली होती. तिने शिव्या दिल्या नाहीत. शालूच्या उतरलेल्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "जीव वाचला ना तुया, मंग झालं. पण सकाळी मले अजून त्यायचा आवाज येते वं." शालू तिच्या पायांशी बसून राहिली. आता ती रोज सकाळी मीनूला मावशीकडे चहा घेऊन पाठवते आणि थोड्या वेळाने स्वतः जाऊन बसते.

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नव्हतं. रुग्णालयातल्या एका आयाबाईला मफलर आठवत होता, एवढंच. शेवटी प्रमोदने जनावरांच्या दवाखान्यात चौकशी केली. जुना परिचर, तिथल्या लोकांना लगेच कळलं. उमरेड रस्त्यावरच्या एका गावात ते राहतात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं.

शालूला घेऊन मी गेले. त्यांनी ओळखलं. आधी शालूला खुर्ची दिली, पाणी दिलं, तिचा दम बसेपर्यंत काही बोलले नाहीत. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या शेजारी एका बाईंचा फोटो, त्याला ताजा हार. मी गडावरून प्रसादाचा नारळ आणला होता. द्यावा की नाही या विचारात मी पिशवी धरून बसले होते. त्यांनीच दोन्ही हात पुढे केले आणि घेतला.

शालू म्हणाली, "काका, मी श्वास घेऊन राहिली ते तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं काय? औषधामुळं, डॉक्टरमुळं. अन् तुमच्या ताईनं तोंड उघडलं म्हणून."

फोटोकडे बघून मी विचारलं, "ह्या…?"

"बायको. त्याच दिवशी संध्याकाळी गेली." ते साधेपणाने म्हणाले. "बाजूच्याच वॉर्डात होती. सकाळी डॉक्टरनं सांगितलं का आता काही उरलं नाही, भेटून घ्या. मी भेटलो. ती बोलत नव्हती. बाहेर आलो, तर कुठं बसावं समजेना. तुमच्या बाजूची खुर्ची खाली होती."

त्या दुपारी मी त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं, तुमचं कोण आहे आत म्हणून. स्वतःची बायको जात असताना त्यांनी माझे सुकलेले ओठ पाहिले. पुढे माझी पिशवी उचलून माझ्यासोबत दारापर्यंत आले, आणि मग आपल्या दुःखाकडे परत गेले.

लोक मला विचारतात, राम भेटला का तुला? मी त्यावर वाद घालत नाही. ज्यांनी मला वाचवलं ते रामाला मानत नाहीत, आणि त्यांच्या न मानण्याचा मला आदर आहे. मला एवढंच कळतं की मी देवाला शब्द देत होते, उपास देत होते, दिवस द्यायला निघाले होते. त्याला यातलं काहीच नको होतं. त्याला माझं खरं हवं होतं, घाबरलेलं, रडवेलं, जसं असेल तसं. ते त्याच्या पायाशी ठेवणं, म्हणजेच शरण जाणं असेल. इतकी वर्षं मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प राहणं.

निघताना ते दारापर्यंत आले. शालूला पायऱ्या उतरायला त्रास होत होता. त्यांनी हात दिला, ती हळूहळू उतरली, आणि खाली आल्यावर तिने एक लांब श्वास घेतला. तो आत जाताना आणि बाहेर येताना मी ऐकला. त्या श्वासासाठी मी कोणाचे आभार मानावेत याची यादी फार मोठी आहे. रामा, ती यादी तुझ्याजवळ आहे.